चोडणच्या चिखलात रॉड रोवताना: तीन स्टेशनांच्या नोंदी

तिवरांखालची जमीन वर्षाला किती मिलिमीटर वर येते किंवा खचते, हे मोजण्यासाठी आम्ही गोव्यातल्या चोडण बेटावर तीन स्टेशनं उभारली. दोन मांडवी नदीच्या बाजूला बांधाबाहेर. तिसरं एका पडीक खाजनात, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या शेतजमिनीत, जिथे बांध फुटून खारं पाणी शिरलं आणि शेताच्या जागी कांदळ-तिवर माजले. पद्धत जुनीच आहे: स्टीलचे रॉड पुढे जाईनात तोवर चिखलात खाली ठोकायचे, वरच्या टोकाला एक आडवा हात बसवायचा आणि हातातून नऊ काड्या जमिनीवर टेकवून त्यांची उंची वाचायची. हात चार दिशांना फिरवला की 36 आकडे मिळतात. रॉड हलत नाही, जमीन हलते, म्हणून दोन वेळच्या आकड्यांतला फरक हा जमिनीचा. कागदावर तरी असंच आहे.

मी डिचोलीची, कॉलेजात भूगोल शिकवते. सोबत चार विद्यार्थी, एक होडीवाले काका आणि म्हापशाचा एक लेथवाला. कुणी हे करणार असेल तर आमचे पैसे आणि दिवस कुठे वाया गेले ते आधी वाचून घ्या.

5 नोव्हेंबर 2023

जागा पाहिल्या. वनखात्याची परवानगी हातात आहे, सलीम अली अभयारण्याची हद्द सोडून बसलोय. सकाळी रायबंदरहून फेरीबोट, पुढे होडी.

आज एक गोष्ट नीट कळली. मी उधाणाचे दिवस धरून वेळापत्रक केलं होतं, कारण तेव्हा ओहोटी जास्त खाली जाते. पण आपल्याकडे अमावास्या-पौर्णिमेला ओहोटी पडते ती पहाटे आणि संध्याकाळी. भर दुपारी पाणी चढलेलं असतं. आमच्या जागा उंचावर आहेत. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आगेमागे, तिथे पाणी जेमतेम पोचतं आणि ओहोटी साधारण दुपारच्या सुमाराला येते. काका हसले. "बाय, अष्टमी बघून यायचं. हे कॅलेंडरात लिहिलेलं असतं." तेव्हापासून सगळी कामं अष्टमीला.

21 नोव्हेंबर

रॉड तयार झाले. 15 मिमी जाडीचे, 1.2 मीटर लांबीचे, 316 ग्रेडचं स्टेनलेस. 304 स्वस्त पडतं, पण खाऱ्या चिखलात त्याला बारीक खड्डे पडतात, आणि ही वस्तू वीस-तीस वर्षं जमिनीत राहायची आहे. 50 रॉड, सुमारे 84 किलो, 31,000 रुपये. दोन्ही टोकांना भोकं पाडून आटे पाडायचे 7,500 वेगळे. रॉडला रॉड जोडायला आठ मिलिमीटरचे स्टड, म्हणजे आटे पाडलेले तुकडे, घेतले. लेथवाला म्हणाला होता, दहाचे घ्या. मी म्हटलं, भोक मोठं केलं तर रॉडची भिंत पातळ होईल. हे वाक्य लक्षात ठेवा.

5 डिसेंबर

पहिलं स्टेशन. जुन्या गोव्याचं फेस्त नुकतंच आटोपलं होतं, त्यामुळे फेरीला गर्दी नव्हती. जनरेटर आणि ब्रेकर मशीन होडीत चढवायलाच दीड तास गेला.

पहिले चार रॉड नुसत्या हातांनी गेले. एक मुलगा वर लोंबकळला की रॉड खाली. पाच मीटरपर्यंत असं लोण्यात सुरी घातल्यासारखं गेलं की मनात धास्ती बसली, याला तळ आहे की नाही? पाचव्यापासून मशीन लावली. नववा रॉड लावून मशीन सुरू केली आणि दहाव्या सेकंदाला आवाज बदलला. ठणठण होतं ते ठपठप झालं. रॉड हाताने फिरवला तर गोल-गोल फिरतोय. स्टड तुटला होता. खाली आठ रॉड, साडेनऊ मीटर स्टेनलेस, कायमचं गेलं.

घरी येऊन विचार केला. स्टड बारीक होता हे खरं, पण तेवढंच कारण नव्हतं. मशीनच्या हादऱ्याने वरचे सांधे सैल होत होते आणि सैल सांध्यावर घाव बसला की सगळा भार आट्यांवर येतो. शिवाय स्टेनलेसवर स्टेनलेस घासलं की आटे चिकटतात. दोन सांधे अर्ध्यावर अडकले होते आणि आम्ही ते पुरते बसलेत असं समजलो. रॉड रॉडला टेकलाच नव्हता.

20 डिसेंबर

दहाचे स्टड. प्रत्येक आट्याला मेणबत्तीचं मेण, दोन पाइप पान्यांनी आवळणं, आणि दर रॉडनंतर मशीन थांबवून सांधा पुन्हा आवळणं. एका विद्यार्थिनीचं काम एवढंच: सांध्यावर मार्करने उभी रेघ मारायची आणि ती रेघ फुटली का ते बघायचं. मेणबत्त्या चोडणच्या दुकानातल्या, दहा रुपयांच्या.

जुन्या भोकापासून चार मीटर सरकून पुन्हा ठोकलं. तेरा रॉड, 15.6 मीटर. तिथे एक मिनिट मशीन चालवूनही बोटभर सरकेना. थांबलो.

21 डिसेंबर

दुसरं स्टेशन. सतरा रॉड, 20.4 मीटर. एकही अडचण नाही. लिहिण्यासारखं काहीच नाही.

4 जानेवारी 2024

तिसरं, खाजनातलं. तिसऱ्या रॉडलाच ठक्. मशीन लावली, सरकेना. पोरं खूश, तासाभरात काम झालं. मीही वहीत लिहिलं, "3.4 मी., कठीण थर." रिसीव्हर, म्हणजे आडवा हात ज्यात बसतो तो रॉडच्या डोक्यावरचा भाग, बसवायची तयारी चालली होती तेवढ्यात काका होडी बांधून आले आणि म्हणाले, "इथं कशाला ठोकताय? इथं जुना बांध होता. आधी विचारायला नको होतं गो?"

त्यांच्या लहानपणी बांध नदीच्या बाजूला पुढे सरकवला, जुना तसाच खाली गाडला गेला. आम्ही जांभ्या दगडाच्या त्या ओळीवर थांबलो होतो. तो बांध स्वतः चिखलावर तरंगतोय. चिखल खचला की तोही खचणार, रॉडही त्याच्यासोबत, आणि आम्हाला खचणं दिसलंच नसतं. स्टेशन दिसायला पक्कं, आकडे साफ खोटे.

साखळी आणि पहार लावून दोन रॉड बाहेर काढले, एक आतच राहिला.

दुसऱ्या दिवशी बारा मीटर बाजूला सरकलो. या वेळी काकांना विचारून. चौदा रॉड, 16.8 मीटर. एकूण हिशोबात तीन रॉड कमी पडणार हे आदल्या दिवशीच दिसत होतं, त्यामुळे सहा रॉड रातोरात करवून घेतले. लेथवाल्याने जादा पैसे घेतले नाहीत, पण स्टडबद्दल एक टोमणा मारला. तो मी ऐकून घेतला.

18 जानेवारी

काँक्रीट. रॉडच्या डोक्याभोवती सहा इंची पीव्हीसी पाइपचा तुकडा अर्धा मीटर खाली रोवायचा, आतला चिखल उपसायचा, रिसीव्हर रॉडवर आवळायचा आणि भोवती सिमेंट ओतायचं. पाणी घरून कॅनमधून नेलं. नदीचं खारं पाणी वापरू नका. पहिल्या स्टेशनला आम्ही रिसीव्हर बसवून मग पाणसळ धरली, बुडबुडा एका कडेला. ओलं सिमेंट उपसून पुन्हा. आधी पाणसळ, मग सिमेंट. कुठलाही गवंडी हे सांगेल, आमच्यात गवंडी नव्हता.

10 फेब्रुवारी

एक शॉर्टकट मारला, फसला. जमिनीवर नवा गाळ किती साचतो ते वेगळं मोजायला 50 सेंटिमीटर चौरसावर फेल्डस्पार या खनिजाच्या पांढऱ्या भुकटीचा थर पसरतात. पुढे कापून पाहिलं की पांढऱ्या रेघेच्या वर जेवढं, तेवढा नवा गाळ. फेल्डस्पारचं पोतं यायला उशीर झाला. एक विद्यार्थी म्हणाला, "मॅडम, रांगोळी?" पांढरी आहे, स्वस्त आहे, बाजारात आहे. पहिल्या स्टेशनला तीन चौरस रांगोळीचे केले. मासे पकडायला आलेल्या दोघांनी विचारलं, इथं कसली पूजा.

रात्री शंका आली म्हणून उरलेल्या पुडीवर लिंबू पिळलं. बारीक फेस आला. म्हणजे आमच्या रांगोळीत चुनखडीच्या जातीचा दगड होता. कुजक्या पानांच्या आंबट चिखलात ती रेघ हळूहळू विरणार. शिवाय त्या दिवशी अमावास्येचं उधाण होतं. दोन दिवसांनी काका सांगत आले की दोन चौरस तर धुऊनच गेले.

17 फेब्रुवारी

पोतं आलं. लिंबाची परीक्षा पास. भांगाचा पहिला दिवस धरून नऊ चौरस घातले, म्हणजे मोठं पाणी यायच्या आधी थराला बसायला चार-पाच दिवस मिळतात. चाळणीने पेरलं, जाडी साधारण आठ मिलिमीटर, चौरसाला तीन किलोच्या आसपास. चारही कोपऱ्यांना पीव्हीसीच्या कांड्या. बांबू लावू नका, त्याला कालवं चिकटतात आणि भोवती पाणी घुमून खड्डा पडतो. हे मात्र आम्ही दुसऱ्यांच्या खुंट्या पाहून शिकलो, स्वतःच्या पैशाने नाही.

3 मार्च

पहिली मोजणी. सगळ्यात जास्त शिकवलं ते या दिवसाने, म्हणून सविस्तर लिहिते.

बसायला फळी होती. फळीचे पाय पोफळीच्या वाशांचे, मोजायच्या जागेपासून हातभर अंतरावर. मी फळीवर पालथी पडून काड्या खाली सोडत होते, एक मुलगी आकडे लिहून घेत होती. पहिली दिशा, नऊ काड्या, आठ मिनिटं. चारही दिशा झाल्यावर तिने सहज म्हटलं, "पहिली दिशा पुन्हा वाचूया का? आता तुम्हाला सवय झालीय." वाचली. नऊपैकी सात आकडे बदललेले, सगळे एकाच बाजूला. जमीन चार ते सहा मिलिमीटर खाली गेली होती.

हात तपासला, पाणसळ तपासली, सगळं जागच्या जागी. मग मी फळीवरून उतरून लांब उभी राहिले, अर्ध्या तासाने परत वाचलं. जमीन तीनएक मिलिमीटर वर आली होती. चिखल माझ्या वजनाने दबत होता आणि मी उठल्यावर फुगत होता. जी गोष्ट वर्षभरात दोन-चार मिलिमीटर होणार ती मोजायला आलो, आणि नुसतं पोटावर झोपून त्याहून जास्त करून बसलो.

आणखी एक. काडी जमिनीला टेकली कधी, हे ठरवायला मी एक युक्ती काढली होती. ओल्या चिखलावर काडीचं प्रतिबिंब दिसतं. काडी खाली येते, प्रतिबिंब वर येतं, दोघांची टोकं जुळली की टेकली. दिसायला फार देखणं, हेडलॅम्प लावला की आणखीच स्वच्छ. पण प्रतिबिंब देतो तो चिखल नव्हे, त्यावरचा पाण्याचा पापुद्रा. एका काडीवर दोन्ही पद्धतींनी वाचून पाहिलं: दीड मिलिमीटरचा फरक. दुपारी पापुद्रा सुकला की तो फरकही बदलणार. युक्ती सोडली. आता बाजूने बघतो आणि टोक चिखलाला लागून किंचित कड उठली की थांबतो. वाचणारी मीच, प्रत्येक वेळी. मी आणि त्या मुलीने एकच दिशा वाचली तर सरासरीत दोन मिलिमीटरचा फरक आला. दोघी आपापल्या जागी बरोबर.

36 आकडे, दिवसभराची मेहनत, सगळं खोडलं.

17 मार्च

फळीचे पाय दीड मीटर लांब नेले. त्यासाठी फळी लांब लागते, लांब फळी लवते, लवली की मधोमध चिखलाला टेकते. लाकडाच्या फळीऐवजी अ‍ॅल्युमिनियमची शिडी आडवी टाकून वर प्लायवुड बांधलं. 6,200 रुपये. पाय कायमचे रोवले, शिडी येताना आणायची. तासभर बसून पहिली दिशा तीनदा वाचली, फरक एक मिलिमीटरच्या आत.

शिवाय काड्यांना नंबर घातले. फायबरच्या 90 सेंटिमीटरच्या काड्या एकसारख्या कापल्यात असा लेथवाल्याचा आणि माझा समज होता. टेबलावर उभ्या केल्या तर तीन नंबर इतरांपेक्षा दोन मिलिमीटर तोकडी. नंबर घातला की ती नेहमी त्याच भोकात जाते आणि फरक आपोआप वजा होतो. नंबर नसता तर कुठल्या मोजणीत कुठे गेली ते कधीच कळलं नसतं.

2 एप्रिल

तिन्ही स्टेशनांची पहिली खरी मोजणी, दोन दिवसांत. पान आडवं आलं तर काढायचं नाही, लिहायचं. कुर्लीचं, म्हणजे खेकड्याचं, बीळ आलं तर "बीळ" लिहून आकडा वेगळा. तिवराची श्वासमुळं काडीच्या खाली आली तर तेही. पहिल्या स्टेशनच्या तिसऱ्या दिशेला सात नंबरच्या काडीखाली बरोब्बर बीळ आहे, आणि मालक घरात असतो.

काकांनी विचारलं, आता किती वर येईल चिखल? म्हटलं, वर्षाला दोन-तीन मिलिमीटर आला तरी खूप. त्यांनी अंगठ्याचं नख पुढे केलं, दुसऱ्या हाताने त्याची जाडी दाखवली आणि काही बोलले नाहीत. मग मी सांगितलं की जगभर समुद्राची पातळी 2006 ते 2018 या काळात वर्षाला सुमारे 3.7 मिलिमीटरने चढली. चिखल तेवढा चढला नाही तर तिवर बुडणार, आणि तिवरामागे तुमचा बांध. ते म्हणाले, "बांधाचं मला सांगू नको. मानशीची दारं कोण रात्री उघडी ठेवतं ते आधी मोज." मानस म्हणजे बांधातली पाणी आत-बाहेर सोडायची झडप.

31 मे

पावसाआधीची मोजणी. दोन महिन्यांत फरक मिलिमीटरच्या आतबाहेर, म्हणजे काहीच नाही. रिसीव्हरला ग्रीस आणि टोपण लावून घरी.

25 सप्टेंबर

चतुर्थी आटोपून आलो. चार महिन्यांत मांडवीने काय काय आणलंय: नारळ, थर्माकोल, एक अख्खा ओंडका. ओंडका दुसऱ्या स्टेशनच्या रिसीव्हरला रेलून बसला होता. पोटात गोळा आला. ओढून काढला, पाणसळ ठेवली. बुडबुडा मेमध्ये होता तिथेच. काँक्रीटच्या कॉलरचे पैसे वसूल. आता पाण्याच्या वरच्या बाजूला दोन जाड पीव्हीसीचे खांब उभे केलेत, ओंडके अडवायला, स्टेशनपासून चांगले तीन मीटर दूर.

एप्रिलपासूनचा फरक: पहिलं स्टेशन वर 2.1 मिमी, दुसरं वर 3.4, खाजनातलं खाली 1.2. एका पावसाळ्याचे आकडे आहेत. याच्यावर बोलायचं नाही असं पोरांना बजावलंय.

24 ऑक्टोबर

गाळाच्या पांढऱ्या रेघा. सुरीने कापलं तर ओला चिखल कोसळून रेघ पुसली जाते, म्हणून गोठवून काढायचं: अर्ध्या इंची तांब्याची नळी, टोक ब्रेझिंग करून बंद, चिखलात खोचायची आणि आत द्रव नायट्रोजन ओतायचा. चार-पाच मिनिटांत नळीभोवती चिखल गोठतो, मग अख्खी कांडी वर काढायची. जनावरांच्या कृत्रिम रेतनासाठी असतो तसला दहा लिटरचा डबा मिळवला. गाडीत नेताना चारही काचा खाली. वायू साचला तर माणूस गुदमरतो, यात हलगर्जी नको.

पहिली नळी जाड होती, नुसतीच धुमसत बसली, अर्धा डबा संपला. पातळ नळीने काम झालं. कांडी वर आली, वाफ निवली, आणि करड्या चिखलात पांढरी रेघ. पोरं ओरडली. कॅलिपरने चार बाजूंनी मापलं. पहिल्या स्टेशनला रेघेच्या वर सरासरी 6.5 मिमी. नऊपैकी दोन चौरसांत रेघच सापडली नाही, कुर्ल्यांनी उकरून भुकटी फूटभर खाली नेली.

संध्याकाळी हिशोब मांडला. वर गाळ 6.5, उंची वाढली 2.1, म्हणजे 4.4 मिलिमीटर खालचा चिखल आवळला. वहीत लिहून खाली रेघ मारली. मग तारखा बघितल्या. भुकटी घातली 17 फेब्रुवारीला, उंचीची पहिली मोजणी 2 एप्रिलला, दुसरी 25 सप्टेंबरला, रेघ मापली आज. दोन्ही टोकांच्या तारखा वेगळ्या. ही वजाबाकी करायचा मला अधिकारच नाही. पहिली मोजणी फेकून द्यावी लागली तेव्हा भुकटीही नव्याने घालायची हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

4.4 खोडलं.

9 नोव्हेंबर

आज पुन्हा अष्टमी. तिन्ही स्टेशनांची उंची आणि नवे नऊ चौरस, जुन्यांच्या बाजूला, एकाच दिवशी. चौथा मुलगा खास त्यासाठी दुसऱ्या होडीतून आणला. सहाला अंधारायला लागलं तेव्हा शेवटचा चौरस पेरत होतो. जुने चौरस राहू दिलेत, रेघ नुसती किती खोल जाते ते बघायला.

आजवरचा खर्च 1,12,000 रुपये, त्यात चिखलात गेलेले नऊ रॉड धरून. फेल्डस्पारचं अर्धं पोतं शिल्लक आहे. पुढची फेरी मार्चात, अष्टमी बघून.